वस्त्रातील कापसाची ओळख पटविणारी रेणवीय खूण

कापूस एकदा कातला गेला, की तो कोणत्या जातीचा हे नुसत्या डोळ्यांना ओळखता येत नाही. त्यामुळे उंची कापसात हलका कापूस मिसळण्यास वाव मिळतो. ऑगस्ट २०१६ मध्ये टार्गेट या अमेरिकन दुकानसाखळीने मुंबईच्या वेलस्पन इंडिया या कंपनीशी व्यवहार थांबविला. ‘इजिप्शियन’ म्हणून पुरविलेल्या चादरींत दुसराच कापूस वापरला होता, हे त्याचे कारण. तेव्हापासून कापडातील कापूस ओळखण्याच्या शास्त्रीय पद्धतींस अधिक महत्त्व आले.

घाटकोपर येथील, १९५४ साली स्थापन झालेली बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन आणि माटुंग्याची, १९२४ पासूनची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था यांच्या प्रयोगशाळांतून तंतूची लांबी, बळकटी व तलमपणा मोजला जातो. ही मापे कापसाचा गुण सांगतात. त्याचे कूळ सांगत नाहीत. कूळ सांगणारी खूण तंतूच्या आतच असते.

कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवर वाढलेली एकच लांब पेशी होय. बोंड फुटून तंतू वाळला, तरी त्याच्या पोकळीत डीएनए या रेणूचे अंश शिल्लक राहतात. प्रयोगशाळेत ते वेगळे काढून त्यांतील ठराविक तुकड्याच्या असंख्य प्रती करतात व माहीत असलेल्या जातींशी ताडून पाहतात. इजिप्शियन, पिमा व आपला सुविन हे एका प्रजातीचे. अमेरिकन कपाशी दुसऱ्या प्रजातीची. देशी कपाशी त्याहून निराळी. म्हणून त्यांतील भेद स्पष्ट दिसतो.

या पद्धतीस मर्यादाही आहेत. विरंजन व रंगाई यांमुळे डीएनए तुटतो. यास्तव रुईवरील चाचणी तयार कापडावरील चाचणीपेक्षा अधिक भरवशाची असते. शिवाय डीएनएवरून जात कळते, शेत कळत नाही. याकरिता काही ठिकाणी जिनिंगच्या वेळी रुईवर कृत्रिम डीएनएची फवारणी करतात व पुढे कापडात तीच खूण शोधतात. परंतु भेसळ त्यापूर्वीच झाली असेल, तर खूण भेसळीवरच उमटते!

सेंद्रिय कापूस पिकविणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. सेंद्रिय मालात बीटी वाण चालत नाही. शेजारच्या बीटी कपाशीचे पराग आपल्या फुलांवर आले, तरी त्या वर्षीच्या तंतूत बीटीची खूण येत नाही. कारण तंतू हा मातृझाडाचा भाग असतो. ती खूण सरकीच्या गर्भात उतरते. तीच सरकी पेरल्यास पुढील वर्षी तंतूतही येते व माल नाकारला जाण्याचा संभव असतो.

म्हणून ग्रामसेवकांनी शेतकरी बंधूंस पुढील गोष्टी समजावून द्याव्यात :

१. खात्रीचे बियाणे घ्यावे. पावती व पिशवीवरील चिठ्ठी जपून ठेवावी.

२. सेंद्रिय शेतीत शेजारी बीटी पीक असल्यास घरची सरकी बियाणे म्हणून वापरू नये.

३. प्रत्येक वाणाची वेचणी व साठवण स्वतंत्र करावी.

४. जिनमध्ये आधीच्या मालाची रुई काढून टाकल्यावरच आपला माल घालावा.

५. गाठीचा क्रमांक आपल्या वहीत नोंदवावा.

प्रयोगशाळा खोटेपणा उघड करू शकते. शुद्धता निर्माण करू शकत नाही. ती शेतकऱ्याच्या बांधावरच राखावी लागते.