ट्यूब नसलेलं चाक

गेल्या २३ डिसेंबरला दुधनीहून परत येताना माझ्या सायकलचा मागचा टायर दोनदा बसला. पहिल्यांदा मी रस्त्याच्या कडेला ट्यूब बदलली. जवळ एकच जादा ट्यूब होती. ती घातली आणि पाच-सहा किलोमीटरवर पुन्हा फुस्स. दोन्ही बाजूंना साग, सूर्य मावळलेला, मोबाईलला रेंज येऊन-जाऊन. शेवटी फोन लागला आणि दीड तासाने पप्पा शेजारच्यांचा टेम्पो घेऊन आले. कॅरोलची शेवटची तालीम बुडाली. घरी फार बोलणं झालं नाही. पप्पा एवढंच म्हणाले, "यापुढे खानवेलच्या पलीकडे एकटीने जायचं नाही."

सिल्वासा ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. शहरातून खानवेल साधारण वीस किलोमीटर. चांगला रस्ता सुरू होतो तो तिथून पुढे: वळणं, चढ-उतार, वारली पाडे आणि शेवटी दुधनीला मधुबन धरणाचं पसरलेलं पाणी. म्हणजे खानवेलपर्यंतची परवानगी म्हणजे जेवायला बसवून फक्त लोणचं वाढण्यासारखं. त्यामुळे सुट्टीत मी ट्यूबलेसचा अभ्यास केला तो हौसेने नाही, वाटाघाटीसाठी. आपल्या मंडळाच्या अंकात कवितांच्या शेजारी टायरवरचा लेख का, याचं उत्तर एवढंच.

आधी कारण. दोन्ही पंक्चर एकाच तारेने झाली होती. आमच्याकडे कारखाने खूप, त्यामुळे ट्रकही खूप. ट्रकच्या रेडियल टायरमध्ये पोलादी तारा असतात. टायर फुटला की त्यांचे केसाएवढे बारीक तुकडे रस्त्यावर विखुरतात आणि सायकलच्या टायरमध्ये रुततात. बाहेरून दिसत नाहीत. ट्यूब बदलताना टायरच्या आतून बोट फिरवून बघायचं असतं. मी घाईत बघितलं नाही, आणि त्याच तारेने नव्या ट्यूबचा घास घेतला. चूक माझीच.

आता ट्यूबलेस म्हणजे काय? घरच्या स्कूटरचा टायर बघा, तो बहुतेक ट्यूबलेसच असेल. त्यात वेगळी ट्यूब नसते. टायरची कडा रिमला इतकी घट्ट चिकटून बसते की त्या दोघांच्या मधली पोकळी हीच ट्यूब. मग सायकलला हे इतक्या उशिरा का आलं? डनलॉपने बेलफास्टमध्ये हवेचा टायर केला तो १८८८ साली, मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी. पण सायकलचं ट्यूबलेस पद्धतशीरपणे बाजारात आलं ते १९९९ च्या सुमारास, तेही डोंगरात चालवायच्या सायकलींना. रोड बाइकला त्याहून उशिरा. अडचण अशी की स्कूटरची रिम अखंड असते. सायकलच्या रिमला आऱ्यांसाठी भोकं असतात. स्कूटरचा टायर जाड. रोड बाइकचा पातळ, आणि त्यात हवा स्कूटरच्या दुप्पट दाबाने. म्हणून सायकलला दोन गोष्टी जास्तीच्या लागतात: आऱ्यांची भोकं बुजवणारी टेप आणि आत खेळणारं पातळ सीलंट. सीलंट म्हणजे मुख्यतः रबराचा चीक आणि त्यात बारीक कण. छिद्र पडलं की बाहेर धावणारी हवा हा चीक सोबत ओढते आणि तो छिद्रातच गोठतो.

इथे मला भाषेची एक गंमत वाटते. आपण मराठीत पंक्चर 'काढतो', जणू काटा काढावा तसं. ट्यूबलेसमध्ये पंक्चर निघत नाही, ते तिथेच राहतं. फक्त त्यावर खपली धरते.

सुरुवात करण्याआधी रिम आणि टायर दोन्हींवर 'ट्यूबलेस रेडी' लिहिलेलं आहे का बघा. नसेल तर इथेच थांबा. साध्या टायरची कडा दाबाने ताणली जाते आणि चालत्या सायकलवर रिममधून उडू शकते. यात जुगाड नको. काही नव्या रिमांच्या काठाला आतून टायर अडकवून ठेवणारी वळवलेली कड नसते. त्यांत हवा जास्तीत जास्त ५ बार, म्हणजे साधारण ७२ पीएसआय, आणि टायरही कंपनीने चालतो म्हटलेलाच.

सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम टेपचं. माझं पहिलं चाक इथेच फसलं. जुनी टेप सोलून काढायची, रिम स्पिरिटने पुसायची आणि पूर्ण सुकू द्यायची. मी पुसली, पण वाळायची वाट बघितली नाही. सकाळी टेप एका बाजूने सुटलेली होती. टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा दोनेक मिलीमीटर रुंद हवी. माझी रिम आतून १९ मिलीमीटर, टेप २१ ची. व्हॉल्व्हच्या भोकाच्या जरा अलीकडून सुरू करायची, एका हाताने चांगली ताणत दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने दाबत जायची, आणि पूर्ण फेरा झाला की भोकाच्या पलीकडे थोडी जाऊन कापायची. म्हणजे व्हॉल्व्हपाशी दोन थर येतात. मध्ये हवेचा फुगा राहिला तर बोटाने काठाकडे ढकलून काढायचा. मग व्हॉल्व्हसाठी भोक. ब्लेडने फुली मारू नका, ती चीर पुढे फाटत जाते. मम्मीच्या शिवणाच्या डब्यातला दाभण गरम करून मी गोल भोक पाडलं. व्हॉल्व्हचा रबरी बूड आतून नीट टेकला की बाहेरची चकती हाताने आवळायची. पक्कड लावायची नाही, नाहीतर रस्त्यात ट्यूब घालायची वेळ आली की ती सुटणार नाही.

टायर चढवताना एकच सूत्र लक्षात ठेवायचं: रिमच्या मधोमध खोलगट खाच असते, कडा त्या खाचेत असेल तेवढा टायर सैल पडतो. व्हॉल्व्हच्या समोरच्या टोकापासून सुरू करून व्हॉल्व्हपाशी संपवायचं, कारण व्हॉल्व्हचा बूड तिथे खाच अडवून बसलेला असतो. शेवटचा वीतभर भाग हट्टी असतो. उरलेली कडा पुन्हा पुन्हा खाचेत ढकला, साबणाचं पाणी लावा आणि तळहातांनी लोटा. स्क्रूड्रायव्हर घातला की टेप फाटलीच म्हणून समजा.

मग टायर बसवणं, म्हणजे दोन्ही कडा खाचेतून उसळून रिमच्या काठाला टेकवणं. याला एकदम भरपूर हवा लागते. घरच्या पंपाने मी घामाघूम झाले, हवा एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर. शेवटी चाक खांद्याला लावून ट्रकचे पंक्चर काढणाऱ्या चाचांकडे गेले. त्यांनी सायकलचा ट्यूबलेस कधी पाहिला नव्हता, पण दोन मिनिटं चाक फिरवून म्हणाले, "अरे, ये तो गाड़ीवाला ही सिस्टम है।" व्हॉल्व्हच्या आतला काढता येणारा भाग, कोअर, मी आधीच काढून ठेवला होता, त्यामुळे वाट मोठी होते. चाचांनी धूळ उडवायची हवेची बंदूक व्हॉल्व्हच्या तोंडाला लावून छोटे छोटे झटके दिले. ठक्! ठक्! कडा बसल्याचा हा आवाज. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी दोन पावलं मागे उडी मारली, आणि ते योग्यच होतं. ट्रकच्या कॉम्प्रेसरचा दाब सायकलच्या टायरला झेपणारा नसतो, म्हणून धीमे झटके द्यायचे आणि तोंड लांब ठेवायचं. बंदूक काढली की हवा निघून जाते, पण बसलेली कडा बसलेलीच राहते. टायरवर रिमलगत एक बारीक रेघ असते, ती सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली म्हणजे टायर नीट बसला.

सीलंट यानंतरच घालायचं. आधी घातलं आणि टायर बसला नाही, तर ते कुठे कुठे उडतं हे आमच्या ओट्यावरच्या मोगऱ्याला विचारा. बाटली खूप हलवून घ्या, कण तळाशी बसलेले असतात. २८ मिलीमीटरच्या टायरला मी ४० मिलीलीटर घातलं, सुई नसलेल्या सिरिंजने, व्हॉल्व्हमधूनच. कोअर लावायचा, हवा भरायची, चाक फिरवायचं, आडवं धरून हलवायचं, दोन्ही कुशींवर थोडा थोडा वेळ निजवायचं आणि लगेच एक चक्कर मारून यायचं. माझं वजन ५८ किलो. मी पुढे ६० आणि मागे ६५ पीएसआय ठेवते. ट्यूब असताना ९० ठेवायचे, कारण कमी हवेत खड्ड्यावर ट्यूब रिमखाली चिमटते. आता चिमटायला ट्यूबच नाही. पावसाळ्यानंतरच्या आमच्या रस्त्यांवर हा फरक मनगटांना कळतो.

आता दुसरी बाजू. खर्चात माझे शिकवणीचे तीन महिन्यांचे पैसे गेले. रोड टायरमधल्या दाबामुळे मोठ्या छिद्रावर खपली लवकर धरत नाही. चीक फवाऱ्यासारखा उडतो, दाब उतरला की मग छिद्र मिटतं. तेही नाही झालं तर रबराची वात खुपसायची, स्कूटरला घालतात तशीच पण बारीक. बाजू चिरली तर ट्यूबच घालावी लागते, म्हणून जुनी ट्यूब फेकायची नाही. आणि आपल्या उन्हाळ्यात सीलंट आटतं. मे महिन्यात मी टायर उघडला तेव्हा आत नुसती रबराची साय होती. दोन-अडीच महिन्यांनी थोडं घालत राहावं लागतं. कॉलेज ते स्टेशन एवढीच सायकल चालवणाऱ्यांनी या भानगडीत पडू नये. त्यांना चांगली ट्यूब आणि शंभर पावलांवरचा पंक्चरवाला पुरेसा आहे.

पप्पांना मी हे सगळं समजावलं नाही. अंगणात मागच्या टायरमध्ये त्यांच्यासमोर खिळा ठोकला आणि उपसला. फुस्स झालं, पांढरे थेंब उडाले, चाक फिरवलं आणि आवाज बंद. त्यांनी वाकून छिद्रावर बोट ठेवलं, मग दाब मोजायला लावला. ४८ भरला. "आणि सोबत काय घेणार?" म्हणाले. पंप, वाती, दोन टायर लिव्हर, एक ट्यूब. "दोन ट्यूब," ते म्हणाले, "आणि पाचच्या आत खानवेलला परत."

आता दोन ट्यूब नेते. मागच्या रिमवर मार्करने सीलंटची तारीख लिहिली आहे, शेवटची भर ९ ऑगस्टची.