ॲलनची दलदल

ॲलनची दलदल हा आयर्लंडच्या मध्यभागातील पीट दलदलींचा विस्तीर्ण प्रदेश होय. हिमयुगानंतर येथील उथळ तळी गाळाने व वनस्पतींनी भरत गेली आणि त्यांवर स्फॅग्नम नावाचे शेवाळ वाढले. पाणी आम्लधर्मी व प्राणवायूविरहित असल्याने मृत शेवाळ पूर्णपणे कुजत नाही. त्याचेच थर साचून पीट बनते. ही वाढ वर्षाला सुमारे १ मिलिमीटर, म्हणजे पुरुषभर खोलीच्या थरामागे जवळपास दीड-दोन हजार वर्षे असतात.

जमीन निकस असल्याने येथील दवबिंदू ही वनस्पती कीटक पकडून नत्राची गरज भागवते. तिच्याच प्रजातीतील वनस्पती साताऱ्याजवळील कास पठारावरही आढळतात. लांब, बाकदार चोचीचा कर्ल्यू पक्षी या दलदलींत घरटी करीत असे; आयर्लंडमधील त्याची वीण आता फारच घटली आहे.

लाकूड व कोळसा दुर्मीळ असलेल्या या देशात पीट हेच चुलीचे इंधन होते. ‘स्लेन’ नावाच्या फावड्याने विटांसारखे तुकडे कापून ते उघड्यावर वाळवीत. (तेथील ऊन पाहता भिस्त वाऱ्यावरच अधिक.) १९४६ मध्ये स्थापन झालेल्या बोर्ड ना मोना या सरकारी संस्थेने यंत्रांनी उपसा करून वीजकेंद्रांना पीट पुरवले. त्यासाठी चर खणून पाणी काढावे लागे. असे कोरडे पडलेले पीट जाळले नाही, तरी हवेच्या संपर्काने कार्बन डायऑक्साइड सोडत राहते. २०२१ मध्ये संस्थेने उपसा कायमचा थांबवल्याचे जाहीर केले. आता चर बुजवून पाणी पुन्हा अडवले जात आहे. परंतु घरापुरते पीट कापण्याचा पिढीजात हक्क असलेली अनेक कुटुंबे तो सोडण्यास तयार नाहीत.