अंगठा, पासबुक, सातबारा

सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडमध्ये कांताबाई नावाची एक बाई रस्त्याच्या कडेला लोहारकाम करायची. पाल ठोकून तिथंच तिचा संसार होता. पावसाळ्याआधी पालावर टाकायला प्लॅस्टिकचा कागद घ्यावा, त्यासाठी रोजच्या कमाईतले थोडे पैसे कुठंतरी सुरक्षित ठेवावेत, एवढीच तिची गरज होती. बँकेनं खातं उघडायला नकार दिला. रक्कम फारच किरकोळ, असं कारण सांगितलं. ही १९९०च्या दशकातली गोष्ट. कांताबाई कर्ज मागत नव्हती, सरकारी मदत मागत नव्हती. स्वतःचे पैसे ठेवायला जागा मागत होती.

ती आली ती चेतना गाला सिन्हा यांच्याकडे. चेतनाताई मूळच्या मुंबईच्या. जयप्रकाश नारायण यांच्या चळवळीतून घडलेल्या. विजय सिन्हा यांच्याशी लग्न करून म्हसवडला आल्या आणि तिथल्याच झाल्या. कांताबाईसारख्यांना बँक खातं देत नसेल तर बायकांचीच बँक काढू, असं त्यांनी ठरवलं. ती आज माणदेशी महिला सहकारी बँक म्हणून ओळखली जाते. ‘बाईला पैशातलं काय कळतं’ हा समज नुसता लोकांच्या डोक्यात नसतो, तो अर्जात, काउंटरच्या वेळेत, पासबुकात, तारणाच्या कागदात मुरलेला असतो. म्हसवडला हे कागद आणि या वेळा एकेक करून बदलत गेल्या. ते कसं, हे समजून घेण्यासारखं आहे.

सुरुवात परवान्यापासून. सहकारी बँक काढायची तर सहकार खात्याकडे नोंदणी लागते आणि बँकेचा व्यवहार करायला रिझर्व्ह बँकेचा परवाना लागतो. सभासद जमवायचे, भागभांडवल उभं करायचं आणि मुख्य प्रवर्तकांची नावं अर्जासोबत द्यायची. म्हसवडचा अर्ज १९९६ साली फेटाळला गेला. प्रवर्तक बायका निरक्षर आहेत, हे कारण. चेतनाताई निराश होऊन परतल्या, पण बायकांनी तोड काढली: लिहायला-वाचायला येत नाही ना, मग शिकू. दिवसभराची मजुरी, स्वयंपाक, धुणीभांडी उरकून रात्री अक्षरओळखीचे वर्ग भरू लागले. काही महिन्यांनी त्या चेतनाताईंसोबत पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या. आमच्या लहानपणी गावात शाळाच नव्हती, हा आमचा दोष कसा, असं त्यांनी अधिकाऱ्यांना विचारलं. वर आव्हान दिलं: कुठल्याही मुद्दलाचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटर न घेता सांगायला लावा, बघू कोण आधी सांगतं.

हे आव्हान पोकळ नव्हतं. खेड्यात व्याज टक्क्यांत बोलत नाहीत, शेकड्यात बोलतात. सातशे रुपये, दरमहा शेकडा दोन, पाच महिने. सात शेकडे म्हणजे महिन्याला चौदा, पाच महिन्यांचे सत्तर. सावकाराशी आयुष्यभर व्यवहार करणाऱ्या बाईला हे कागदाशिवाय करावंच लागतं, नाहीतर ती बुडते. अक्षर येणं आणि हिशेब येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्जातल्या रकान्याला तो फरक दिसत नव्हता, बायकांनी तो समोर बसून दाखवला. परवाना मिळाला आणि १९९७ मध्ये बँक सुरू झाली.

आता खरी कसोटी होती. बँक उघडली म्हणून बाई बँकेत येईलच असं नाही. काउंटर उघडा असतो त्याच वेळात ती खुरपणीला किंवा बाजारात असते. शे-दोनशे रुपये भरायला एका दिवसाची मजुरी बुडवणं तिला परवडत नाही. म्हणून बँकच तिच्या दारात, तिच्या पथारीजवळ जाऊ लागली. पुढची अडचण मात्र बाहेरून कुणाला सुचली नसती. बायका म्हणाल्या, आम्हाला पासबुक नको. पासबुक घरात सापडलं की शिल्लक किती ते नवऱ्याला, मुलाला कळतं आणि मग पैसा राहत नाही. आपण ज्याला पारदर्शकता म्हणतो तीच इथं धोक्याची होती. उपाय म्हणून बँकेनं कार्ड आणलं. कार्डावर आकडा छापलेला नसतो, ते कुणाच्या हाती लागलं तरी काही सांगत नाही.

कार्ड आलं तसा पिनचा प्रश्न आला. चेतनाताईंना वाटलं, पिन लक्षात ठेवायला शिकवू. बायकांनी ठाम नकार दिला. पिन कुणीही चोरू शकतो, दटावून काढून घेऊ शकतो. आमचा अंगठाच घ्या. ज्या अंगठ्यामुळे अर्ज नाकारला गेला होता, तोच आता खात्याची किल्ली झाला. मला या सगळ्या प्रवासातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. अडचणही बायकांनी सांगितली, उत्तरही त्यांनीच दिलं आणि संस्था चालवणारीनं आपला विचार बाजूला ठेवून ते मानलं. समाजासाठी उद्योग उभा करणाऱ्या किती जणांना हे जमतं?

कर्जाचंही तसंच. आठवडी बाजारात भाजी विकणारी बाई माल उचलायला सकाळी सावकाराकडून हजार रुपये घेते आणि संध्याकाळी अकराशे देते असं धरू. रोजचे दहा टक्के झाले. नेहमीचं मुदतकर्ज तिच्या उपयोगाचं नाही, तिला पैसा बाजारच्या दिवशी हवा आणि बाजार उठला की फेडायचा असतो. म्हणून बाजारातल्या विक्रेत्या बायकांसाठी बँकेनं कॅश क्रेडिटची सोय केली: ठरलेल्या मर्यादेत हवे तेव्हा उचला, विक्री झाली की भरा, वापरले तेवढ्यावरच व्याज. मोठ्या व्यापाऱ्यांना ही सोय कधीपासूनच मिळते. भाजीवालीही व्यापारी आहे, एवढंच बँकेनं मान्य केलं.

पैशाला धंद्याची जोड हवी म्हणून बायकांसाठी बिझनेस स्कूल निघालं, ते बसमध्ये बसून गावोगाव फिरलं. २००८ पासून ९०.४ एफएमवर सामुदायिक रेडिओही आहे. पण समज मोडतो म्हणजे काय होतं, हे बघायचं तर सुनीता कांबळे यांचं काम बघावं. त्या दलित समाजातल्या. या शाळेत शिकून शेळ्यांच्या डॉक्टर झाल्या, शेळ्यांना कृत्रिम रेतन करू लागल्या. शेळी साधारण एकवीस दिवसांनी माजावर येते आणि माज दीड दिवसाच्या आसपास टिकतो. तेवढ्यात तो ओळखायचा, द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवलेली रेताची कांडी कोमट पाण्यात बेताची वितळवायची आणि ती थंड पडायच्या आत काम उरकायचं. जातिवंत बोकड विकत घेणं ज्या घराला झेपत नाही, त्यांच्या गोठ्यात यामुळे चांगली पिल्लं येतात. अडचण कौशल्याची नव्हती. परक्या गोठ्यात जाऊन बाईनं जनावराच्या फळण्याविषयी बोलायचं, तेही दलित बाईनं, हे गावाला पचणारं नव्हतं. सुनीताताईंना पुढे राष्ट्रीय पातळीवरचा सन्मान मिळाला तेव्हा गावात त्यांचा मोठा फलक लागला. चेतनाताई अभिनंदनाला गेल्या, तर सुनीताताईंच्या घरी वरच्या जातीतली माणसं येऊन चहापाणी घेत होती. शेळी आजारी पडली की जात आडवी येत नाही आणि एकदा उंबरा ओलांडला की तो पुन्हा ओलांडता येतो.

एका ठिकाणी मात्र बँकेचा हात पोचत नाही. मोठं कर्ज हवं तर तारण लागतं आणि तारण म्हणजे जमीन किंवा घर. सातबाऱ्यावर नाव नवऱ्याचं, नाहीतर सासऱ्याचं. बाईनं कितीही चोख परतफेड केली तरी उताऱ्यापुढे तिची पत संपते. घराच्या कागदावर नवऱ्यासोबत बायकोचंही नाव लागावं म्हणून माणदेशीनं आग्रह धरला. त्याआधी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम चालवली होती: ज्या गावातली शंभर कुटुंबं बायकोच्या नावावर जमीन करतील, ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. पुरुषांनी आपल्या हातानं सातबारा बदलला, अशी ती दुर्मीळ घटना होती. पण तसं सगळीकडे झालं नाही. खर्च जास्त आहे म्हणून हे होत नाही, असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. महाराष्ट्रात शेतजमीन किंवा राहतं घर पत्नीला बक्षीसपत्रानं द्यायचं असेल, तर मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. नोंदणीचा खर्च वेगळा, पण तोही मिळकतीच्या मानानं थोडा. दस्त नोंदवला की तलाठ्याकडे फेरफार होतो आणि उताऱ्यावर तिचं नाव येतं. सही मात्र नवऱ्यालाच करावी लागते.