तणसाला कुटाराची जोड

ब्रह्मपुरी हा धानाचा मुलूख. तिथे कापणीआधी उभ्या धानातच, ओल असताना, लाखोळी फेकतात. त्याला 'उतेरा' म्हणतात. मळणी झाली की लाखोळीचे कुटार गोठ्यात जाते.

यात शहाणपण आहे. तणसात प्रथिने शेकडा ३ ते ४ च. आपले उसाचे वाढेही त्यात कमीच. शिवाय वाढ्यातल्या ऑक्झॅलेटमुळे कॅल्शियम अंगी लागत नाही. पोट भरते, दूध वाढत नाही, अन् पैसा पेंडीवर जातो.

लसूणघास, बरसीम यांत कोरड्या वजनावर शेकडा १५ ते २० प्रथिने असतात, कॅल्शियमही भरपूर. तेव्हा दोन-चार गुंठे लसूणघास लावाच. मात्र उपाशी जनावराला नुसता कोवळा घास घालू नका, पोट फुगते. वाढ्यांच्या कुट्टीत मिसळून द्या.