आकाशकंदिलाची तिथी

दसऱ्याचे सोने वाटून होते न होते तोच बाजारात कंदील लटकू लागतात. माहीमच्या कंदील गल्लीत तर त्याआधीपासूनच कामट्या आणि रंगीत कागद यांची लगबग असते. मग दरवर्षीचे ठरलेले वाक्य कानावर येते : "हल्ली लोकांना धीर म्हणून नाही. दिवाळीला अजून पंधरा दिवस आहेत आणि यांचे कंदील लागलेसुद्धा!" या तक्रारीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. कंदील ही दिवाळीची सजावट, तेव्हा वसुबारसेला लावावा आणि भाऊबीज झाली की उतरवावा. निबंधग्रंथ आणि पंचांगे शेजारी ठेवून पाहिली, तर चित्र वेगळे दिसते. पंधरा दिवस आधी कंदील लावणारा माणूस, त्याच्या नकळत का होईना, जुन्या रीतीच्या अधिक जवळ असतो.

कमलाकरभट्टांचा 'निर्णयसिंधु' १६१२ साली काशीत पुरा झाला. भट्टांचे घराणे मूळचे पैठणचे, त्यामुळे हा ग्रंथ गंगेकाठी लिहिला गेला तरी त्याची एक मुळी गोदावरीत आहे. त्यात कार्तिकातल्या कृत्यांमध्ये आकाशदीप येतो. तिळाच्या तेलाचा दिवा संध्याकाळी, सूर्य तूळ राशीत असताना, महिनाभर आकाशात द्यावा, असे ते सांगणे. दिवा कसा उभारायचा, यासाठी भट्ट हेमाद्रीचा आधार घेतात. हेमाद्री म्हणजे आपला हेमाडपंत, देवगिरीच्या यादवांचा तेराव्या शतकातला मंत्री. देवळांपासून मोडी लिपीपर्यंत काय काय आपण त्याच्या नावावर जमा केले आहे. कंदील मात्र कुणी केला नाही, आणि तिथे निदान कागदोपत्री पुरावा तरी आहे.

ही उभारणी नीट पाहण्यासारखी आहे. घरापासून फार लांब नाही अशा जागी, सूर्य मावळताना, यज्ञीय झाडाच्या लाकडाचा पुरुषभर उंचीचा खांब रोवायचा. त्याच्या माथ्यावर दोन हात लांबीच्या चार पट्ट्या एकमेकींवरून अशा बसवायच्या की आठ दिशांना आठ पाकळ्या निघतील. मधोमध मोठा दिवा आणि पाकळ्यांवर आठ लहान दिवे. हा दिवा दामोदराला, म्हणजे विष्णूला, अर्पण करायचा. आता घरी कंदील केलेल्या कुणीही डोळे मिटून आपला सांगाडा आठवावा. कामट्या एकमेकींवर आडव्यातिडव्या, मध्ये पणतीची किंवा बल्बची जागा, भोवती पाकळ्या. कागद, करंज्या, झिरमिळ्या हा पुढचा साज. हेमाद्रीचा खांब थेट आपल्या खिडकीत आला असे मी म्हणणार नाही, मधली सात शतके एवढ्या सहज उडी मारून ओलांडता येत नाहीत. पण आठ दिशांना उजेड द्यायची कल्पना दोन्हीकडे एकच आहे.

इथे कळीचा शब्द 'महिनाभर' हा आहे. चार-पाच दिवसांच्या सणाचा हा दिवा नव्हे, महिन्याचा नेम आहे. कधी लावायचा, हा प्रश्न मग असा होतो : कोणता महिना?

आणि गोंधळ इथेच आहे, कारण महिने तीन निघतात. ग्रंथात तूळ राशीचा उल्लेख आहे, तो सौर महिना. तो साधारण १७ ऑक्टोबरला सुरू होऊन नोव्हेंबरच्या मध्यावर संपतो. बंगालात कार्तिक सौर मानतात, म्हणून तिथला 'आकाशप्रदीप' या हिशेबाने लागतो. दुसरा महिना उत्तरेकडचा, पौर्णिमेला संपणारा. त्यात कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी कार्तिक लागतो आणि दिवाळीची अमावास्या ऐन कार्तिकाच्या मध्यावर येते. काशीच्या घाटांवर उंच बांबूंना टोपल्यांतून दिवे टांगतात ते या महिन्यात. तिसरा महिना आपला, अमावास्येला संपणारा. आपल्या कालनिर्णयात लक्ष्मीपूजनाची अमावास्या आश्विनाची असते आणि कार्तिक उजाडतो तो बलिप्रतिपदेला. म्हणजे 'कार्तिकात आकाशदीप लावावा' हे वाक्य मराठी माणसाने शब्दशः पाळले, तर लक्ष्मीपूजन अंधारात करून दुसऱ्या दिवशी कंदील चढवावा लागेल!

असे कुणी करत नाही, कारण आपल्या पूर्वजांनी इथे एक शहाणी तडजोड केली. महिन्याची नावे दक्षिणेची ठेवली, पण कार्तिकाची व्रते पौर्णिमा ते पौर्णिमाच चालू ठेवली. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा, म्हणजे बाबा पाध्यांचा, 'धर्मसिंधु' १७९० च्या सुमाराचा. त्यात कार्तिकस्नानाचा आरंभ आश्विन शुद्ध दशमी, एकादशी किंवा पौर्णिमेला सांगितला आहे. गावोगावच्या देवळांत काकडआरती कोजागरीच्या सुमाराला सुरू होते आणि त्रिपुरी पौर्णिमेला तिचे समापन होते. पहाटे काकड्याला जाणाऱ्या माणसाला हा आश्विन की कार्तिक, असा प्रश्न कधी पडत नाही. मला वाटते, आकाशदिव्याची आपल्याकडची खरी तिथीही हीच आहे : कोजागरी ते त्रिपुरी.

सौर आणि चांद्र हिशेबांत फरक किती पडतो, हे दोन वर्षांवरून दिसेल. २०२३ साली दिवाळी उशिरा होती. तूळ संक्रांत १८ ऑक्टोबरची, कोजागरी २८ ची, लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला. सौर हिशेबाने दिवा कोजागरीच्या दहा दिवस आधीच लागला असता. २०२५ साली उलट झाले. कोजागरी ६ ऑक्टोबरला होऊन गेली आणि सूर्य तुळेत आला १७ तारखेला, म्हणजे नेमका वसुबारसेला. त्या वर्षी वसुबारसेला कंदील लावणारी सगळी घरे, ठाऊक नसताना, 'निर्णयसिंधु'च्या शब्दाला जागली. कोणताही हिशेब घ्या, लक्ष्मीपूजनाला दिवा लागलेला असतोच. ज्या चांद्र महिन्यात तूळ संक्रांत येते त्यालाच आश्विन म्हणतात, त्यामुळे त्याच्या अमावास्येला सूर्य तुळेतच सापडतो.

मग महिन्याचा दिवा वसुबारस ते भाऊबीज एवढा आखडला कसा? एक कारण मला अगदी साधे वाटते : कागद. उघड्या तेलदिव्याच्या जागी पतंगी कागदाचा, खळीने चिकटवलेला कंदील आला आणि पावसाची भीती आली. हवामान खात्याच्या २०२० पासूनच्या वेळापत्रकाप्रमाणे मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे. लवकरच्या वर्षी कोजागरी त्याच्याही आधी येते. २०१९ साली तर दिवाळीतच अरबी समुद्रात 'क्यार' वादळ होते. कोकणात कागदी कंदिलांचा लगदा झाला आणि शेतात कापलेले भात भिजले. जो कंदील हाताने, रात्री जागून केला आहे तो माणूस महिनाभर ओलीत टांगणार नाही. प्लास्टिक आणि कापडाच्या कंदिलांनी ही अडचण संपवली. त्यांच्या रूपाबद्दल मला फारसे प्रेम नाही, पण कंदील पुन्हा लवकर लागू लागला त्याचे थोडे श्रेय त्यांनाही द्यायला हवे.

हा नुसता पंचांगाचा काथ्याकूट नाही. आमच्या गृहनिर्माण संस्थेत दोन वर्षांपूर्वी ठराव झाला : दर्शनी भागातली रोषणाई धनत्रयोदशी ते भाऊबीज एवढीच. त्याच वर्षी शेजारच्या जिन्यातल्या एका आजींचे यजमान श्रावणात गेले होते. वर्ष सरेपर्यंत त्या घरी सण नाही, फराळ सोयऱ्यांनी आणून द्यायचा, दारात रांगोळी नाही, हे ओघाने आलेच. त्या मला म्हणाल्या, "तुम्ही पुस्तकं बघता ना, मग एवढं सांगा. कंदील ह्यांच्या हातचा आहे, सांगाडा अजून माळ्यावर आहे. नुसता दिवा लावला तर चालेल का?" गुरुजींनी त्यांना नाही म्हणून सांगितले होते.

मी त्यांना जे वाचून दाखवले ते इथे थोडक्यात देतो. आकाशदीपाच्या शेजारीच निबंधग्रंथांत उल्कादान येते. चतुर्दशी आणि अमावास्येला, तुळेतच सूर्य असताना, प्रदोषकाळी हातात चुडी घेऊन पितरांना वाट दाखवायची. महालयात घरी आलेले पितर परत निघतात, त्यांना अंधारात ठेच लागू नये म्हणून हा उजेड. ओडिशात आजही दिवाळीच्या संध्याकाळी तागाच्या काड्या पेटवून, अंधारात आलात, उजेडात जा, अशा अर्थाची हाक पितरांना घालतात. काशी आणि बंगालच्या लोकसमजुतीत आकाशदिवाही पितरांच्याच वाटेवरचा आहे. म्हणजे ज्या घरातून माणूस नुकताच गेला आहे तेच घर आपण अंधारात ठेवतो, आणि गेलेल्यांसाठीचा दिवा बाकीच्या सगळ्या घरांवर लावतो. सण न करण्याच्या लोकाचाराला मी नावे ठेवत नाही. गोडधोड, नवे कपडे, फटाके यांना दुःखात मन होत नाही, तो आचार माणुसकीचाच आहे. पण आकाशदीपाच्या विधीत यांपैकी काहीच नाही. खांब, तेल, वात आणि नमस्कार, एवढेच त्याचे साहित्य. सण वगळूनही हा नेम करता येतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

आजींनी माळ्यावरचा सांगाडा काढला, त्याला पांढरा कागद लावला आणि कोजागरीला आत पणती ठेवली. ठरावाप्रमाणे चिटणिसांची चिठ्ठी आली. आम्ही चौघा-पाच जणांनी संस्थेला लिहून दिले की ही रोषणाई नव्हे. त्यावर उत्तर आले नाही, आणि दिवा राहिला.

उतरवण्याची तारीख लावण्याच्या तारखेइतकी वादाची नाही. तुळशीचे लग्न एकादशीनंतर पौर्णिमेपर्यंत केव्हाही लागते, तोवर तरी कंदील बहुतेक घरी असतो. त्रिपुरीला देवळांतल्या दीपमाळा पाजळतात. काशीला पंचगंगा घाटावर अहिल्याबाई होळकरांच्या नावाने ओळखला जाणारा दगडी हजारा दीपस्तंभ त्याच रात्री उजळतो. महिन्याचा नेम तिथे पुरा होतो. कोकणात मात्र देवदिवाळी मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेची, म्हणून तिकडच्या काही घरांत कंदील आणखी पंधरा दिवस डुलत असतो. तोवर कागद विटलेला असतो आणि झिरमिळ्या वाऱ्याने अर्ध्या गेलेल्या असतात.