अनुदान मिळाले, मग मासिक वर्गणी कशाला?

मंडळीतील बंधुभगिनी हा प्रश्न विचारतात, आणि तो रास्त आहे. सामाजिक न्याय व पर्यावरणासाठी फाउंडेशन अनुदान देतात, पण ते ठरलेल्या कामापुरते आणि बहुधा दोन-तीन वर्षांपुरते. वनहक्काचे काम त्या वेळापत्रकाने चालत नाही. 2006च्या कायद्याप्रमाणे सामूहिक हक्क मागायचा तर ग्रामसभेने वनहक्क समिती नेमायची, शिवेवरून चालत जाऊन नकाशा करायचा, वडीलधाऱ्यांचे जबाब लिहून घ्यायचे (तेही पुरावा धरले जातात). मग दावा उपविभागीय आणि पुढे जिल्हा समितीकडे जातो. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये हक्क मिळाला. बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती यायला 2011 उजाडले.

त्यातच 2020 मध्ये परकीय देणग्यांचा कायदा बदलला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आली, आणि परदेशातून आलेला निधी एका संस्थेने दुसरीला देणे बंद झाले. मोठ्या संस्थेमार्फत मदत मिळणाऱ्या लहान संस्थांची वाट तिथेच अडली.

फाउंडेशन नकाशाचे पैसे देते. अहवालही वेळेवर मागते! पण एखादे आजोबा आजारी म्हणून जबाब राहिला, तर त्याच पाड्यावर पुन्हा जाणाऱ्या कार्यकर्त्याचे एसटी भाडे कोणत्याच रकान्यात बसत नाही. मुदत संपल्यावर लागलेल्या सुनावणीचेही तसेच. हे खर्च आपल्या शंभर-दोनशे रुपयांतून भागतात.