हलके फ्लायव्हील आणि क्लच

कुंभाराचे चाक ज्याने लक्षपूर्वक पाहिले आहे, त्याला मोटारीच्या फ्लायव्हीलचे मर्म निराळे शिकवावे लागत नाही. काठी अडकवून चाकाला वेग दिला की ते बराच वेळ आपल्या नादात फिरत राहते. मातीच्या गोळ्यावर हातांचा दाब पडला तरी त्याची गती एकाएकी मोडत नाही. चाक हलके असते तर पहिल्याच दाबाने ते अडखळले असते आणि मडक्याची कड वेडीवाकडी झाली असती. वजन मध्याजवळ असण्यापेक्षा घेराशी असलेले बरे, हे कुंभाराला अनुभवाने ठाऊक असते.

मोटारीच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला असेच एक चाक, बहुधा बिडाचे, घट्ट बसविलेले असते. त्याचे कारण इंजिनाच्या चालण्यातच आहे. चार सिलिंडरांच्या नेहमीच्या इंजिनात दर अर्ध्या फेरीला एकदा पिस्टनला जळत्या वायूचा धक्का मिळतो. त्या धक्क्याचा जोर ओसरू लागतो त्याच वेळी पुढच्या सिलिंडरात वायू दाबण्याचे श्रम वाढत असतात. ही तूट फ्लायव्हीलमध्ये साठलेली गती भरून काढते. शेतातल्या विहिरीवरील एका सिलिंडरच्या ऑइल इंजिनाला तर दोन फेऱ्यांतून एकच धक्का मिळतो. त्याच्या अंगाला ती भली थोरली चाके दिसतात ती उगाच नव्हेत. मोटारीचे फ्लायव्हील याखेरीज आणखी दोन कामे करते. त्याच्या घेरावरील दात्यांत स्टार्टरचा दात अडकून इंजिन चालू होते, आणि त्याच्या सपाट तोंडावर क्लच प्लेट घासून गती गियर बॉक्सकडे जाते.

मग असे उपयोगी चाक हलके करण्याचा हव्यास कशासाठी? गती टिकवून धरणारे चाक नवी गती घ्यायलाही तितकेच नाखूष असते, हे त्याचे उत्तर. १९५५ साली इंग्लंडात निघालेल्या एम.जी.ए. या दोन आसनांच्या मोटारीत बी.एम.सी. कंपनीचे १,४८९ घन सेंटिमीटरचे बी-सिरीज इंजिन होते. या घराण्याची इंजिने शर्यतीत उतरविणारे लोक फ्लायव्हीलचे वजन आवर्जून कमी करून घेत. त्याच घराण्याचे इंजिन पुढे अनेक वर्षे ॲम्बॅसॅडरच्या पोटात बसून २०१४ साली बंद पडलेल्या त्या मोटारीतून सहा-सात माणसे आणि त्यांच्या ट्रंका वाहत राहिले. इंजिन एका कुळाचे. पण एकाला वळणावळणावर वेग घ्यायचा होता, तर दुसऱ्याला कुरकुर न करता ओझे ओढायचे होते. फ्लायव्हील किती जड असावे याचा निर्णय त्या कामावरून व्हावा, हे येथेच स्पष्ट होते.

थोडा हिशेब केला म्हणजे लाभ कोठे होतो ते कळते. समजा, फ्लायव्हील ८ किलो वजनाचे, १४ सेंटिमीटर त्रिज्येचे आणि सर्वत्र सारख्या जाडीचे आहे, आणि मोटारीच्या चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर आहे. पहिल्या गियरमध्ये मोटारीच्या चाकाच्या एका फेरीमागे इंजिनाच्या सुमारे १४ फेऱ्या होतात. या प्रमाणाचा वर्ग हिशेबात येतो, म्हणून वेग घेताना ते ८ किलोंचे चाक मोटारीवर १७० किलोंचे जादा ओझे लादल्यासारखे वागते. शेवटच्या गियरमध्ये हे प्रमाण एकास चार धरले, तर तेच ओझे अवघे १४ किलोंचे ठरते. आता फ्लायव्हीलची जाडी निम्मी केली. पहिल्या गियरमध्ये ८५ किलोंचा, म्हणजे एका धट्ट्याकट्ट्या माणसाचा भार उतरला; शेवटच्या गियरमध्ये उतरला तो केवळ ७ किलोंचा, एखाद्या पिशवीएवढा. घेराकडचे वजन काढले तर लाभ अधिक, मध्याकडचे काढले तर नाममात्र.

हा लाभ फक्त वेग बदलत असतानाचा आहे, ही गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. इंजिनाची शक्ती यामुळे कणभरही वाढत नाही. बेळगावहून गोव्याकडे जाणारा मनुष्य चोर्ला घाटात एकाच वेगाने चढण चढत असेल, तर फ्लायव्हील आठ किलोंचे असो वा चारांचे, फरक केवळ मोटारीच्या प्रत्यक्ष वजनातून घटलेल्या चार किलोंचा. आणि तेवढे तर टाकीतले पेट्रोल खर्चूनही घटते. लांबच्या मोकळ्या रस्त्यावरही तेच. खरा फरक जाणवतो तो गियर बदलताना: पाय उचलला की इंजिनाच्या फेऱ्या चटकन उतरतात, ॲक्सिलरेटर दाबला की चटकन चढतात. वळणापूर्वी खालचा गियर टाकणाऱ्या कुशल चालकाला याचा आनंद होतो यात शंका नाही.

त्या आनंदाचे मोल मात्र संथ गतीत द्यावे लागते. फिरत्या चाकातील ऊर्जा फेऱ्यांच्या वर्गाप्रमाणे वाढते. मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या वेळी फ्लायव्हीलमध्ये जी ऊर्जा असते, तिचा चौदावा हिस्साच ८०० फेऱ्यांच्या वेळी, म्हणजे मोटार उभी असून इंजिन नुसते चालू असताना, शिल्लक असतो. त्या तुटपुंज्या शिलकीतून निम्मी काढून घेतली की इंजिन थरथरू लागते, आणि क्लच सोडताना जराशी घाई झाली तरी बंद पडते. घाटात पुढे मालमोटारींची रांग, मोटारीत पाच माणसे आणि मागे सामान, अशा वेळी चढावर पुन्हा पुन्हा मोटार हलवावी लागते तेव्हा चालक इंजिनाच्या फेऱ्या वाढवून क्लच अर्धा दाबून धरतो. जड चाकाने जे काम निमूटपणे केले असते ते आता क्लच प्लेट झिजून करते. शर्यतीत मोटार एकदाच सुटते. शहरात ती दर सिग्नलला सुटत असते.

क्लचच्या बाबतीत एक गैरसमज सर्वत्र आढळतो. फ्लायव्हील आणि त्याला बोल्टांनी जोडलेली प्रेशर प्लेट इंजिनाबरोबर फिरतात. क्लच प्लेट मात्र गियर बॉक्सच्या शाफ्टवर असते. म्हणून हलक्या प्रेशर प्लेटने इंजिन चपळ होते, तर हलक्या क्लच प्लेटने गियर सुलभ पडतात, कारण गियर जुळविणाऱ्या सिंक्रोनायझरच्या कड्यांना कमी वजनाची गती बदलावी लागते. ‘हेवी ड्यूटी’ नावाने मिळणाऱ्या क्लचचा हेतू अगदीच निराळा आहे. त्याच्या ताठ स्प्रिंगमुळे किंवा धातुमिश्रित लायनिंगमुळे तो अधिक जोर न घसरता पेलतो. इंजिनाचा जोर वाढविलेलाच नसेल तर त्याचे काही प्रयोजन उरत नाही. उलट पेडल जड होते, ते दाबताना क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगवर भार वाढतो, आणि असे लायनिंग हळुवार धरण्याऐवजी झटका देऊन धरते. हलके फ्लायव्हील आणि झटक्याने धरणारा क्लच एकत्र आले, की गर्दीच्या रस्त्यावर ती मोटार चालविणे ही शिक्षाच होते.

याहून गंभीर गोष्ट फ्लायव्हील हलके कसे केले जाते ही आहे. पोलादाच्या घडीव तुकड्यातून कातलेले, किंवा ॲल्युमिनियमचे आणि तोंडावर पोलादी चकती बसविलेले नवे फ्लायव्हील महाग पडते. साहजिकच जुनेच बिडाचे चाक लेथवर चढवून कातून घ्यावे, त्याला भोके पाडावीत, असा सल्ला मिळतो. बेळगाव-कोल्हापूरकडे उत्तम ओतकाम आणि उत्तम लेथकाम करणारे कारागीर आहेत. प्रश्न त्यांच्या हाताचा नाही, बिडाच्या गुणाचा आहे. बीड दाबाला खंबीर, पण ताणाला दुबळे. मिनिटाला ६,००० फेऱ्यांना १४ सेंटिमीटर त्रिज्येच्या चाकाचा घेर ताशी ३१७ किलोमीटर वेगाने धावत असतो, आणि त्यात दर चौरस सेंटिमीटरला साडेपाचशे किलोंहून अधिक ताण येतो. निर्दोष बीड तो सहज सोसते. पण भोकाच्या काठाशी ताण सुमारे तिप्पट होतो. आणि फेऱ्या ७,५०० वर नेल्या तर तो आणखी दीडपटीहून वाढतो. मग आकडा अडीच हजारांच्या पुढे जातो, आणि साधे बीड त्याच्या आसपासच तुटते. क्लचच्या उष्णतेने पृष्ठभागावर केसासारखे तडे आधीच पडलेले असतील तर तेवढीही वाट पाहावी लागत नाही. असे चाक फुटले तर त्याचे तुकडे क्लचच्या पातळ आवरणातून आरपार जातात, आणि त्या आवरणाच्या लगत चालकाचे पाय असतात. अमेरिकेतील ड्रॅग शर्यतींत अशाच अनुभवांमुळे क्लचभोवती जाड पोलादी कवच बसविण्याची प्रथा पडली, आणि बदली फ्लायव्हील व क्लचसाठी एस.एफ.आय. या संस्थेचा १.१ क्रमांकाचा स्वतंत्र मानदंड आला.

अलीकडच्या मोटारींत एक निराळी अडचण आहे. पुष्कळशा डिझेल मोटारींचे फ्लायव्हील दोन भागांचे असते; मध्ये स्प्रिंगा घालून इंजिनाचे हादरे गियर बॉक्सपर्यंत पोहोचू नयेत अशी योजना केलेली असते. ते काढून एकसंध हलके चाक बसविले की गियरचा खडखडाट सुरू होतो. काही मोटारींचा संगणक फेऱ्यांतील बारीक चढउतारांवरून सिलिंडर पेटला की नाही हे ओळखतो. हलक्या चाकामुळे हे चढउतार वाढले की तो नसलेला दोष दाखवू लागतो.

हे सारे जाणूनही ज्याला बदल करावयाचाच असेल, त्याने फ्लायव्हील व प्रेशर प्लेट एकत्र जोडून समतोल करून घ्यावी. गियर बॉक्स उतरविलेलाच असतो, तेव्हा रिलीज बेअरिंग आणि क्रँकशाफ्टचे मागचे ऑइल सील त्याच वेळी नवे घालावे. नंतर तेलाचे चार थेंब नव्या क्लच प्लेटवर पडले तर सगळे काम पुन्हा उलगडावे लागते. फ्लायव्हीलचे बोल्ट नवे वापरावेत आणि कारखान्याने दिलेल्या मापाने टॉर्क पान्याने आवळावेत. कार्ब्युरेटरच्या जुन्या मोटारीत उभ्या इंजिनाच्या फेऱ्या किंचित वाढवून ठेवाव्या लागतात. लायनिंग फ्लायव्हीलच्या तोंडावर नीट बसेपर्यंत, म्हणजे पहिले पाचशे किलोमीटर तरी, चढावर भरल्या मोटारीने क्लच ताणू नये.